नव्या यंत्रावर डीबगर : रूपांतर आणि पॅकेज

प्रस्तावना :
मुदखेड जंक्शनवरून जाणारा लोहमार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. स्थानक तेच राहिले, गावेही तीच; जुने डबे मात्र नव्या रुळांवर धावू शकले नाहीत. संगणकाचा प्रोसेसर बदलला की आज्ञावलींची अवस्था काहीशी अशीच होते. बहुतेक आज्ञावली नव्या कंपायलरमधून पुन्हा काढल्या की भागते. डीबगरचे तसे नाही. चालत्या आज्ञावलीला मध्येच थांबवून तिच्यातील दोष शोधण्यास मदत करणारे हे साधन यंत्राच्या अंतर्रचनेशी जखडलेले असते. त्याचा काही भाग प्रत्येक नव्या जातीच्या प्रोसेसरसाठी नव्यानेच लिहावा लागतो.

पुण्याच्या सी-डॅकचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या 'परम ८०००' (१९९१) मध्ये इनमॉसचे ट्रान्सप्यूटर होते, 'परम १००००' (१९९८) मध्ये सनचे अल्ट्रास्पार्क, तर 'परम पद्म' (२००३) मध्ये आयबीएमचे पॉवर-४. बारा वर्षांत तीन वेगळ्या जातींचे प्रोसेसर! महासंगणकाचा वेग वर्तमानपत्रांत झळकतो; साधने पुन्हा उभी करण्याच्या कष्टांची बातमी होत नाही. पुढे सी-डॅकच्याच तिरुवनंतपुरम केंद्राने रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचावर 'वेगा' प्रोसेसर घडविले आणि हा विषय पुन्हा निकडीचा झाला.

रूपांतरातील अडचणी :
रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या जीडीबी या डीबगरचे उदाहरण घेता येईल. आज्ञावलीत थांबा घालताना डीबगर स्मृतीतील मूळ सूचना बाजूला काढून ठेवतो व तिच्या जागी 'थांब' अशा अर्थाची सूचना लिहितो. इंटेल जातीच्या प्रोसेसरवर ही सूचना एका बाइटची असते. ती पार पडल्यावर पुढील सूचनेचा पत्ता सांभाळणारे रजिस्टर एक बाइट पुढे सरकलेले असते, म्हणून डीबगर ते मागे घेतो. रिस्क-फाइव्हवर ते जागचे हलत नाही. जुन्या सवयीने तेथेही मागे घेतल्यास अंमलबजावणी भलत्याच ठिकाणी जाऊन पडते. शिवाय या सूचनासंचात दोन व चार बाइट अशा दोन लांबींच्या सूचना एकत्र येऊ शकतात. दोन बाइटच्या सूचनेवर चार बाइटचा थांबा लिहिला, तर शेजारची सूचना पुसली जाते आणि दोष शोधणारे साधनच दोष निर्माण करते.

याहून घातक चूक निमूट असते. रजिस्टरांची क्रमवारी चुकली तर डीबगर बंद पडत नाही. तो चुकीची संख्या ठामपणे दाखवितो. विद्यार्थी मग स्वतःच्या बिनचूक आज्ञावलीत दोष शोधत बसतो. म्हणूनच जीडीबीसोबत मोठा चाचणीसंच दिलेला असतो व रूपांतराची खरी परीक्षा तेथे होते. रिस्क-फाइव्हसाठीचे काम जीडीबीच्या ८.२ (२०१८) या आवृत्तीत आले. त्याच यंत्रावरील लिनक्समध्ये थेट चालण्याची सोय ८.३ (२०१९) मध्ये झाली.

पॅकेज :
एवढ्याने ते साधन तालुक्याच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेत पोहोचत नाही. सोर्स कोडपासून जीडीबी बांधायचा तर योग्य कंपायलर हवा, साहाय्यक लायब्ऱ्या हव्यात, त्यांच्या आवृत्त्या जुळायला हव्यात. तासिका सांभाळून हे कोण करणार? पॅकेज म्हणजे हे बांधकाम एकदाच नीट करून, कोणत्या यंत्रासाठी व कशावर अवलंबून याची नोंद जोडून दिलेले गाठोडे. डेबियनने रिस्क-फाइव्हला २०२३ मध्ये अधिकृत स्थान दिले आणि ऑगस्ट २०२५ च्या 'ट्रिक्सी' या आवृत्तीत ते प्रथमच समाविष्ट झाले.

प्रयोगशाळेच्या दृष्टीने डेबियनची दोन पॅकेजे विशेष उपयोगी आहेत. 'जीडीबी-मल्टिआर्क' नेहमीच्या इंटेल पीसीवर बसते व परक्या प्रोसेसरची भाषा जाणते. 'जीडीबीसर्व्हर' आकाराने लहान असून लिनक्स चालणाऱ्या बोर्डवर बसते. दोहोंमध्ये एक तार पुरते. सर्वांत लहान बोर्डांवर लिनक्सच नसते. तेथे सर्व्हरचे काम पीसीवरील 'ओपनओसीडी' ही आज्ञावली जेटॅग जोडणीतून करते. मात्र त्या बोर्डाचे वर्णन करणारी फाइल तिच्याजवळ असावी लागते, आणि बोर्ड नवा असेल तर ती मिळवावी किंवा स्वतः लिहावी लागते.