आवाज कानातून जातो, मग कंपन कुठून जातं?

माझे मामा कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत फेटलिंगला आहेत. फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगवरचे नको ते कंगोरे ग्राइंडरने आणि चिपिंग हॅमरने काढून टाकायचे. बावीस वर्षं हेच काम. गेल्या दिवाळीत नात 'सात' म्हणाली आणि मामांनी 'आठ' ऐकलं. सगळे हसले, मामाही हसले. मी मात्र हळूच विचारलं, "कानात बोळे घालता ना?"

"घालतो की," मामा म्हणाले. "आवाज कानातनं जातोय, त्याला बोळं हायती. पण हे हातातनं वर चढतंय, त्याला काय घालू?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण प्रश्न पक्का होता. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी आज हाच प्रश्न घेतेय, कारण चांगला प्रश्न सुचणं आणि तो तपासता येईल असा मांडणं यात केवढं अंतर असतं, ते यात स्वच्छ दिसतं.

आधी कानाची थोडी उजळणी. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते, ती कॉक्लिया. तिच्यात साधारण १५ हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लाटा त्यांना हलवतात आणि त्या मेंदूकडे संदेश पाठवतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने होणारं नुकसान सहसा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी दिसतं. 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख उंच वारंवारतांवर अवलंबून असते. म्हणून अशा माणसाला बोलणं ऐकू येतं, पण नीट कळत नाही. 'सात'मधला 'स' गळाला की उरतं 'आत', आणि 'आठ' तिथून किती लांब आहे?

आता खरी अडचण. कंपनाने कान बिघडतो का हे बघायचं तर आदर्श रचना चार गटांची: फक्त आवाज, फक्त कंपन, दोन्ही, आणि काहीच नाही. कागदावर हे दोन मिनिटांत होतं. पण ग्राइंडर, ब्रेकर, करवत, कुठलंही हत्यार घ्या, जे हादरतं ते ओरडतंही. 'फक्त कंपन' असलेला कामगार शोधून सापडत नाही. आणि माणसांचा कान मुद्दाम कायमचा बिघडवून बघणं नीतीत बसत नाही. म्हणजे आवाज हा इथे कन्फाउंडर आहे, आणि तो कंपनाला असा चिकटलाय की सुटत नाही.

फिनलंडच्या संशोधकांनी यातून एक वाट काढली. इल्मारी प्यूक्को आणि सहकाऱ्यांनी चेनसॉ वापरणाऱ्या लाकूडतोड्यांची श्रवणक्षमता १९७२ मध्ये आणि पुढे १९७४ ते १९७८ या काळात मोजली. सुरुवातीला ७२ जण होते, शेवटी २०३. यांतल्या काहींना 'पांढरी बोटं' हा आजार होता: हातातल्या कंपनामुळे बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि थंडीत बोटं खडूसारखी पांढरी पडतात. संशोधकांनी विचारलं, वय सारखं, आवाजाचा मारा सारखा, कानाचं संरक्षण वापरल्याची वर्षंही सारखी, फरक फक्त बोटांचा, तर कानात फरक दिसतो का?

दिसला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पांढरी बोटं असलेल्यांचं ४००० हर्ट्झवरचं नुकसान सुमारे १० डेसिबलने जास्त होतं. १० डेसिबल हा आकडा लहान वाटतो, पण तो लॉगरिदमचा आहे. जेमतेम ऐकू येण्यासाठी आवाजाची तीव्रता दहापट लागते, असा त्याचा अर्थ.

मग कंपन हातातून चढून थेट कानापर्यंत पोचतं का? तसं दिसत नाही. शंभर हर्ट्झच्या वरचं कंपन बहुतांशी बोटांत आणि तळहातातच जिरतं. लेखकांनी सुचवलेली वाट वेगळी होती. हातातल्या हादऱ्यांनी अनुकंपी चेतासंस्था चेतवली जाते, आणि ती बोटांबरोबरच कॉक्लियाच्या रक्तवाहिन्याही आवळते. आतल्या कानाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी एकच. ती आवळली तर पर्यायी रस्ता जवळपास नाही. म्हणजे गोंगाटात केशपेशी जास्तीत जास्त राबत असतात, नेमका तेव्हाच त्यांचा रसद-पुरवठा कमी होतो. या स्पष्टीकरणात कंपन एकटं कान मारत नाही, आवाजाचा मार वाढवतं.

इथे थांबून 'सिद्ध झालं' असं लिहायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण जर्नल क्लबमध्ये या पेपरवर मी स्वतःच घ्यावेत असे तीन आक्षेप आहेत.

पहिला, पांढरी बोटं म्हणजे कंपन नव्हे, तो कंपनाचा परिणाम आहे. कदाचित काहींच्या रक्तवाहिन्या जन्मतःच लवकर आकसणाऱ्या असतील. मग बोटं आणि कान दोन्ही त्यामुळेच बिघडतील, आणि कंपनावर उगाच आळ येईल. दुसरा, 'सारखा आवाज' हा अंदाज असतो. १९६० च्या दशकातल्या चेनसॉचा सरासरी आवाज १११ डेसिबल होता, नंतरच्यांचा ९६ ते १०३. जुनी करवत जास्त ओरडायची आणि जास्त हादरायचीही. जुन्या वर्षांचा हिशोब थोडा चुकला, तरी दोन्ही मारे एकत्रच सरकतात. तिसरा, तंबाखू. निकोटिनही रक्तवाहिन्या आवळतं. मामांची बिडी हाही कन्फाउंडरच.

या आक्षेपांमुळे पेपर रद्दी ठरत नाही. पुढचा अभ्यास कसा हवा ते त्यातून कळतं: बोटांच्या लक्षणांऐवजी कंपनाचा डोस मोजा, सवयींची नोंद ठेवा, आणि तीच माणसं वर्षानुवर्षं तपासा.

हाच अभ्यास आपल्याकडे जशाचा तसा उतरवायला गेलात तर आणखी एक खड्डा आहे. उष्ण देशांत कंपनाने बोटं पांढरी पडल्याचं क्वचितच दिसतं. मुंग्या आणि बधिरपणा जास्त आढळतो. फिनलंडची प्रश्नावली घेऊन कोल्हापुरात गेलात तर 'आजार नाही' असा निष्कर्ष निघेल, आणि दोष प्रश्नावलीचा असेल.

कंपनासाठी मर्यादाही आहेत. युरोपात २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी हातातल्या कंपनाची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, आणि २.५ पासूनच मालकाने उपाय सुरू करायचे असतात. पण असे आकडे हाताच्या आजारांवरून ठरले आहेत. कान त्या हिशोबात नाही.

मामांना मी एवढंच सांगितलं. बोळे सोडू नका, आवाजाचं नुकसान पक्कं ठरलेलं आहे. चाक झिजून थरथरायला लागलं की बदलून मागा. हत्यार गरजेपेक्षा घट्ट आवळू नका, मधे हात मोकळे ठेवा, बिडी सोडा. कानाचं पूर्ण उत्तर अजून यायचंय, पण हे सगळं हातांसाठी तरी नक्की लागू आहे.

मामा म्हणाले, "बरं. म्हंजे अजून शोधताय." मी हो म्हटलं. पुढच्या सुट्टीत त्यांची ऑडिओमेट्री करून घ्यायचं ठरलंय.