जुन्या पिकअप गाडीचे दिवे व वायरिंग : दोष कसा शोधावा ?

शेतमालाची वाहतूक पूर्वी बैलगाडीने होत असे. गाडीच्या खाली टांगलेला कंदील विझला, तर शेतकरी काडी ओढून तो पुन्हा पेटवीत असे. आता बैलगाडीची जागा पिकअप गाडीने घेतली आहे. मात्र या गाडीचा दिवा विझला म्हणजे पुष्कळ शेतकरी तो दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता तशीच गाडी हाकतात. ही सवय अत्यंत घातक आहे.

पेण तालुक्यातील डोलवी हे गाव धरमतर खाडीच्या काठी, मुंबई-गोवा महामार्गाच्या लगत आहे. येथील पोलाद कारखान्यामुळे वडखळ-डोलवी पट्ट्यात अवजड ट्रेलरांची रहदारी रात्रंदिवस चालू असते. वाशीच्या बाजारात पहाटे माल पोहोचवावयाचा तर शेतकऱ्याला मध्यरात्रीच निघावे लागते. अशा वेळी भाजीने भरलेल्या संथ गाडीचा मागचा दिवा बंद असेल, तर मागून येणाऱ्या चालकाला ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

एक उदाहरण

गेल्या भाद्रपदात या भागातील एक शेतकरी काकडी व शिराळी घेऊन निघाला असता त्याच्या मागे येणारा ट्रेलर हौद्यापासून चार हातांवर कसाबसा थांबला. गाडीचा ब्रेक दाबला की मागचे दिवे उजळण्याऐवजी मंद होत आणि इंडिकेटर आपोआप मिणमिणू लागे. त्याने तीनदा बल्ब बदलले होते व एकदा स्विचही नवा बसविला होता. प्रस्तुत लेखकाने त्या गृहस्थांबरोबर गाडी तपासली, तेव्हा दोष निघाला तो हौद्याखालील एका गंजलेल्या बोल्टात. बोल्ट काढून घासला, पुन्हा घट्ट बसविला आणि सर्व दिवे पूर्ववत झाले. खर्च काहीच आला नाही; पण त्याआधीचे पैसे व्यर्थ गेले होते, आणि जीवही थोडक्यात बचावला होता.

दोषाचे मूळ

गाडीच्या वायरिंगचे तत्त्व सोपे आहे. बॅटरीच्या धन टोकापासून वीज तारेने फ्यूज व स्विचमधून बल्बपर्यंत जाते. परत येताना मात्र ती बहुधा निराळ्या तारेने येत नाही, तर गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे येते. या परतीच्या वाटेस ' अर्थ ' म्हणतात. जाण्याची वाट जितकी महत्त्वाची तितकीच परतीचीही. परतीची वाट गंजाने अडली की वीज दुसऱ्या बल्बातून वाट काढू पाहते, आणि म्हणूनच ब्रेक दाबता इंडिकेटर मिणमिणतो.

आपल्याकडे हा दोष अधिक आढळतो, याचे कारण हवामान. कोकणातील मुसळधार पाऊस आणि खाडीवरची खारी हवा ही लोखंड व तांबे या दोहोंची वैरी होत. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने भाताचे खारसहिष्णू वाण दिले आहेत. तारेचे तसे वाण अद्याप निघालेले नाही. तिची निगा आपणच राखावयास पाहिजे.

तपासणीचे साधन

बारा व्होल्टचा एक लहान बल्ब, त्याचे होल्डर व दोन हात लांबीच्या दोन तारा घेऊन ' टेस्ट लॅम्प ' घरीच तयार करता येतो. एका तारेस चिमटा व दुसरीस टोकदार खिळा जोडावा. याखेरीज पक्कड, पाना, पॉलिश पेपर आणि आठ-दहा हात लांब अशी एक सुटी तार जवळ असावी. मीटर असल्यास उत्तम.

दोष शोधण्याचा क्रम

बल्ब बदलण्याची घाई करू नये. प्रथम सर्व दिवे एकेक लावून लक्षण पाहावे.

(१) सर्वच दिवे मंद असतील तर बॅटरीकडे पाहावे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमला असल्यास खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता मीटरवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यावयास पाहिजेत. त्याहून बरेच कमी आल्यास चार्जिंगमध्ये दोष आहे. १५ च्या वर गेल्यास बल्ब वारंवार जळतात.

(२) एकच दिवा बंद असेल तर प्रथम बल्बची तार तुटली आहे काय ते पाहावे. बल्ब चांगला असल्यास स्विच लावून टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाशी अगर सांगाड्याच्या घासून स्वच्छ केलेल्या जागी लावावा व खिळा होल्डरमधील टोकास टेकवावा. टेस्ट लॅम्प पेटला तर वीज तेथवर येत आहे. दोष होल्डरच्या गंजात किंवा अर्थमध्ये आहे. न पेटल्यास तारेच्या वाटेने फ्यूजकडे मागे मागे तपासत जावे. जेथे तो पेटेल, त्याच्या पुढच्या भागात तार तुटलेली आहे.

(३) अर्थची शंका आल्यास सुटी तार एका टोकाने बॅटरीच्या ऋण टोकास व दुसऱ्या टोकाने दिव्याच्या पत्र्यास लावावी. दिवा तत्क्षणी उजळला तर अर्थ खराब आहे हे निश्चित. तेथील बोल्ट काढावा, रंग व गंज घासून लोखंड चकचकीत करावे, बोल्ट घट्ट आवळावा आणि नंतर वरून ग्रीस लावावे.

(४) इंडिकेटर एका बाजूस फार जलद लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब बंद आहे असे समजावे. दोन्ही बाजूंस मुळीच चालत नसल्यास फ्यूज व फ्लॅशर तपासावा.

(५) फ्यूज पुनःपुन्हा जळत असेल तर तार कोठेतरी सोलवटून सांगाड्यास टेकत आहे. त्या भागातील बल्ब काढून ठेवावेत, फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडावा व स्विच लावावा. टेस्ट लॅम्प पेटलेला राहील. मग तारांचा जुडगा टप्प्याटप्प्याने हलवीत जावे. ज्या ठिकाणी हलविताच तो विझेल, तेथेच दोष आहे. सांगाड्याच्या भोकांतून तार जाते ती जागा, मागच्या फाळक्याजवळचा भाग, सायलेन्सरजवळची तार, आणि पेंढ्याजवळ गाडी उभी राहत असल्यास उंदरांनी कुरतडलेली जागा प्रथम पाहावी.

दोन घोडचुका

जळलेल्या फ्यूजच्या जागी जाड तार अगर सिगारेटची चांदी घालणे ही पहिली. फ्यूज हा शेताच्या बांधातील सांडव्यासारखा आहे. तो बुजविला की बांधच फुटतो, म्हणजे वायरिंग पेटते.

दुसरी चूक म्हणजे जास्त वॉटचे बल्ब बसविणे. ५५ वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज घेतात; ९० वॉटचे दोन बल्ब १५ अँपिअर घेतात. जुनी तार व स्विच हा भार सोसू शकत नाहीत. ती तापतात, वितळतात आणि दिवे ऐन रस्त्यात जातात.

दुरुस्ती करताना

काम करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे व काम संपल्यावर ते शेवटी जोडावे. तपासणीपुरतेच ते जोडलेले असावे. बॅटरीजवळ काडी ओढू नये, ठिणगी पाडू नये. तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळलेला सांधा पहिल्याच पावसात गंजतो. तो झाळून त्यावर नळी चढवावी. भोकांतून जाणाऱ्या तारेस रबरी कडे घालावे. बॅटरीच्या टर्मिनलवर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. खाडीलगतच्या रस्त्याने गाडी गेली असल्यास सांगाडा गोड्या पाण्याने धुऊन वाळवावा.

ही तपासणी वर्षातून दोनदा करावी : एकदा मृगापूर्वी व एकदा दसऱ्याच्या सुमारास. ज्याप्रमाणे आपण पेरणीपूर्वी बियाणे पाखडतो, त्याचप्रमाणे हंगामापूर्वी गाडीचे दिवे पाहावेत. हौद्याच्या मागे परावर्तक पट्टीही लावावी. दिवे अचानक गेल्यास ती तेवढाच आधार देते. परंतु ती दिव्याची जागा घेऊ शकत नाही. वाटेत दिवे गेलेच, तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी, मागे काही अंतरावर त्रिकोणी खूणफलक ठेवावा व दोष सापडल्याशिवाय पुढे निघू नये. बाजार एक दिवस चुकला तरी चालतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील पिकअपधारकांना एखाद्या संध्याकाळी एकत्र बोलावून, एका गाडीवर हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. एक टेस्ट लॅम्प व एक तास एवढेच त्यास पुरेसे आहे.