अर्धशिशीची गोळी : मोजून घ्यावी, लिहून ठेवावी

डोके सगळ्यांचेच दुखते. उन्हात निंदण केले, रात्री जागरण झाले, उपास कडक धरला, की डोके धरते. पाणी प्यावे, दोन घास खावे, घटकाभर पडावे, की उतरते. त्याला कोणी आजार म्हणत नाही.

अर्धशिशीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात बहुधा डोक्याची एकच बाजू दुखते. ठण् ठण् असे ठोके पडतात. मळमळते, उलटी होते. उजेड सोसत नाही. पोरांचा गलका सोसत नाही. चालले, वाकले की दुखणे वाढते. औषध घेतले नाही तर हे दुखणे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहते. कोणाकोणाला डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसतात. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार सुमारे तिपटीने जास्त होतो.

हे काही सोंग नव्हे, बरे का! बाई कामाच्या कंटाळ्याने डोके धरून बसली, असे घरातल्यांनी म्हणू नये. हा खरा आजार आहे आणि त्याला खरे औषध आहे. पण ते औषध कसे घ्यावे हे नीट कळले पाहिजे. नाही तर औषधच दुखणे होऊन बसते. ते कसे, हे आमच्या गल्लीतल्या एका घराच्या गोष्टीवरून सांगतो.

त्या घरच्या सूनबाईला अर्धशिशी आहे. ती आमच्या रात्रीच्या साक्षरतेच्या वर्गात येत असे. एकदा आम्ही विचारले, "बाई, दुखते म्हणजे कसे दुखते?" ती म्हणाली, "काय सांगू गुरुजी! अर्धं डोकं कोणी पाट्यावर वाटून राह्यलं, असं वाटते."

तिला तालुक्याच्या गावी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी तपासले, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितले, "डोके धरले तरच एक गोळी घ्या. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका." गोळीचा गुण आला. सूनबाई तासा-दोन तासांत उठून कामाला लागू लागली. घरात आनंद झाला.

पुढे काय झाले? डॉक्टरांचा कागद हरवला. राहिले ते गोळीचे रिकामे पाकीट. धनी बाजाराला गेले की ते पाकीट दुकानात दाखवत. दुकानदार तसलेच दुसरे देई. कागद कोणी मागितला नाही, कोणी दाखवला नाही. महिन्यातून तीनदा दुखणारे डोके आठवड्यातून तीनदा दुखू लागले. मग दिवसाआड. मग पहाटे जाग येई तीच डोके धरून. उठली की चुलीपाशी जाण्याआधी गोळी. भर उन्हाळ्यात तिच्या पायाची बोटे गार पडू लागली. त्यांना मुंग्या येऊ लागल्या. पण तिने ते कोणाला सांगितले नाही.

एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. तिचे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, म्हणाले की आज डोके जड वाटते. आबांना हृदयाचा विकार आहे. त्याच्या गोळ्या चालू आहेत. सूनबाई लगबगीने आत गेली आणि डब्यातून गोळी घेऊन आली. म्हणाली, "मामाजी, हे घ्या. लय चांगली गोळी हाय. मले तर लगेच आराम पडते."

तिच्या मनात मायाच होती. पण आमच्या छातीत धस्स झाले. आम्ही म्हणालो, "थांब बाई! हे पाकीट दाखव." पाकिटाच्या एका कडेला उभी लाल रेघ होती. तशी लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये आणि घेऊ नये, असा नियम आहे. ते ज्याला लिहून दिले त्यानेच घ्यावयाचे असते. गोळी डब्यात परत गेली. आबा वाचले, असेच आम्ही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी आशाताईंना विचारले. मग सगळे मिळून सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "महिन्यातून किती दिवस गोळी घेता?"

कोणालाच सांगता येईना. सूनबाई म्हणे, "दुखलं की घेतो." धनी म्हणे, "असतील आठ-दहा." आम्ही गोळ्यांचा डबा बरोबर नेला होता. तो टेबलावर उपडा केला. गेल्या दोन महिन्यांची पाच रिकामी पाकिटे निघाली. एका पाकिटात दहा गोळ्या. पाच दाहे पन्नास. हिशोब कोणालाही करता येण्यासारखा होता. पण तोवर कोणी केला नव्हता.

डॉक्टरीणबाई आबांकडे वळल्या. त्यांनी विचारले, "आबा, बाजरीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी गाठ धरते, ती पाहिली आहे का?"

आबा म्हणाले, "पाह्यली ना. आदी कणसातून मधावानी चिकट रस गळते. मंग गाठ धरते. अरगट म्हणतात त्याले. म्हणून तर बी मिठाच्या पाण्यात टाकतो. गाठी वर तरंगतात. त्या काढून जाळतो."

"मग या गोळीत त्याच कुळातल्या बुरशीचे औषध आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आबा बघतच राहिले.

ही हकिकत मोठी नवलाची आहे. युरोपात राय नावाचे गव्हासारखे धान्य होते. त्याच्या कणसात अशीच अरगटाची गाठ धरते. जुन्या काळी ते धान्य दळून खाल्ले की माणसांच्या हातापायांत आग होई. रक्ताच्या नळ्या आवळत, रक्त पोचेनासे होई आणि बोटे काळी पडून गळत. पुढे १९१८ साली स्वित्झर्लंड देशात आर्थर स्टोल या शास्त्रज्ञाने त्या गाठीतून एक द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव एर्गोटामिन. अगदी थोड्या मात्रेत दिले तर तेच द्रव्य अर्धशिशी उतरवते. बोटे झडवणारे विष मोजून दिले आणि औषध झाले.

आपल्या बाजरीवरचा अरगट रायवरच्या अरगटाचा चुलतभाऊ. त्याचे विष थोडे निराळे, पण तेही वाईटच. १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात असली बाजरी खाऊन पुष्कळ लोक आजारी पडले होते. म्हणूनच दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरीचे बी बुडवतात. मग ते चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात आणि पेरतात.

आता सूनबाईच्या पायाला मुंग्या का आल्या, ते वाचकांच्या ध्यानात आले असेल. गोळी जास्त झाली आणि रक्ताच्या नळ्या आवळू लागल्या. आबांना ती गोळी का चालली नसती, तेही कळले असेल. त्यांच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद आहेत. त्या आणखी आवळल्या असत्या तर?

आणखी एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनी सांगितली. ती सर्वांनी नीट वाचावी. डोकेदुखीची गोळी फार दिवस घेतली, तर ती गोळीच रोजची डोकेदुखी आणते. गोळीचा असर उतरला की डोके दुखते. दुखले म्हणून गोळी घेतली की पुन्हा तेच. बैल घाण्याला जुंपावा तसा माणूस फिरत राहतो. याची मोजदाद ठरलेली आहे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अशा साध्या गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस घेतल्या, आणि असे तीन महिन्यांहून अधिक चालले, तर हा धोका येतो. एर्गोटामिन, दोन-तीन औषधे मिसळलेल्या गोळ्या, किंवा ज्यांच्या नावाच्या शेवटी ट्रिप्टान येते त्या गोळ्या, यांना महिन्यात दहाच दिवस पुरतात. म्हणून डॉक्टर सांगतात, आठवड्यात दोन दिवस, त्यापुढे नको.

ट्रिप्टानच्या गोळ्या अर्धशिशीसाठीच काढल्या आहेत. सुमाट्रिप्टान ही त्यांतली पहिली. ती १९९१ साली विक्रीस आली. चांगल्या गोळ्या आहेत. पण त्यांनीही रक्ताच्या नळ्या आवळतात. म्हणून हृदयविकार असलेल्याने, पक्षाघात होऊन गेलेल्याने, रक्तदाब ताब्यात नसलेल्याने त्या घेऊ नयेत. एर्गोटामिन घेतले असेल, तर त्यानंतर चोवीस तासांच्या आत ट्रिप्टान घेऊ नये. उलटही करू नये.

आता गोळी कशी घ्यावी, ते सांगतो.

डोके दुखू लागताच, दुखणे वाढण्याआधी, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच गोळी पाण्याबरोबर घ्यावी. मग अंधाऱ्या खोलीत शांत पडावे. गोळीचा गुण आला नाही म्हणून लागोपाठ दुसरी घेऊ नये. दुसरी घ्यावयाची की नाही, आणि किती तासांनी, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. आयबुप्रोफेनसारखी गोळी उपाशी पोटी घेऊ नये. पोटात जखम होते. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. तेव्हा सर्दीची गोळी आणि डोक्याची गोळी एकदम घेतली, तर एकच औषध दोनदा पोटात जाते. त्याने यकृताला इजा होऊ शकते.

डॉक्टरांकडे गेल्यावर काही लपवू नये. दिवस गेले असतील, मूल अंगावर पीत असेल, दमा असेल, तर ते सांगावे. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने एर्गोटामिन मुळीच घेऊ नये. दुसरी कोणती औषधे चालू असतील तर त्यांची पाकिटे बरोबर न्यावी. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही जंतूंवरची औषधे एर्गोटामिनबरोबर घेतली, तर बोटे काळी पडण्यापर्यंत पाळी येते.

गोळी घेतल्यावर छातीत दाटले, किंवा हातपाय गार पडून बधिर झाले, तर पुढची गोळी घेऊ नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे.

प्रत्येक डोकेदुखी ही अर्धशिशी नसते, हेही विसरू नका. एकाएकी, आयुष्यात कधी दुखले नाही असे डोके दुखले, तापाबरोबर मान ताठ झाली, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, एका अंगाची शक्ती गेली, डोक्याला मार लागल्यावर दुखू लागले, फिट आली, गरोदरपणी किंवा पन्नाशीनंतर नवीनच डोकेदुखी सुरू झाली, तर गोळी शोधत बसू नये. दवाखाना गाठावा. माणूस अत्यवस्थ असेल तर १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी.

सूनबाईचे पुढे काय झाले? डॉक्टरीणबाईंनी ती गोळी बंद केली. त्यांनी आधीच बजावले होते, "पहिले काही दिवस डोके जास्त दुखेल. घाबरू नका." तसेच झाले. आठ दिवस तिने फार सोसले. त्या दिवसांत सासूने चूल सांभाळली, धन्याने पाणी भरले. डोके दुखूच नये म्हणून रोज घ्यावयाचे वेगळे औषध डॉक्टरीणबाईंनी सुरू केले. अशा औषधाचा गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात. ते आपल्या मनाने सोडू नये. आणि तेही प्रत्येकाचे वेगळे असते. प्रोप्रानोलॉल दमेकऱ्याला चालत नाही. व्हॅल्प्रोएट पोटातल्या बाळाला अपाय करते. म्हणून शेजारणीला कोणते चालले, हे पाहून चालत नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला एक कामही लावून दिले. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज लिहावयाचे. डोके दुखले त्या तारखेला फुली. गोळी घेतली त्या तारखेला गोल. त्या दिवशी उपास होता का, जागरण होते का, ऊन लागले का, हे एका शब्दात. वर्गात ती अक्षरे गिरवत असे, तेव्हा कधी कधी म्हणे, "गुरुजी, हे शिकून मले काय करायचं?" आता तीच बाई कॅलेंडर घेऊन दवाखान्यात जाते. दर संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी फुली पडते, हे तिचे तिनेच शोधून काढले. आता ती उपासाला पोट रिकामे ठेवत नाही. दूध, शेंगदाणे, केळी घेते. गेल्या महिन्यात चार फुल्या होत्या आणि तीन गोल. अर्धशिशी गेली नाही. पण तिच्या मुठीत आली.

वाचकहो, गोळीचे पाकीट हेही वाचावयाचेच पान आहे. लाल रेघ आहे का ते पाहा. ई, एक्स, पी ही तीन इंग्रजी अक्षरे ओळखायला शिका. त्यांच्यापुढे गोळीची मुदत संपण्याचा महिना आणि साल असते. गोळी काढताना मुदतीची बाजू फाडू नका. इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानात विचारा. त्यात लाज नाही. डॉक्टरांचा कागद जपून ठेवा. गोळ्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवा. आणि आपली गोळी मायेनेसुद्धा दुसऱ्याला देऊ नका.

आबा आता गोळीचा डबा दिसला की सुनेला हसून विचारतात, "बाई, बी मिठाच्या पाण्यात टाकलं का?" म्हणजे, मोजलीस का, लिहिलीस का? तीही हसते आणि कॅलेंडराकडे बोट दाखवते.