उरलेल्या खेळाची निवड

तलवारबाजी म्हटली की आपल्याला पोवाडे आणि ऐतिहासिक चित्रपट आठवतात. या खेळातील भारताची पहिली ऑलिम्पिकपटू मात्र चेन्नईतील एका पुरोहिताच्या घरातून आली. २००४ मध्ये सी. ए. भवानीदेवीने शाळेत खेळ निवडायचा ठरवला, तेव्हा इतर खेळांतील जागा भरल्या होत्या. उरली होती तलवारबाजी. तलवारी महाग असल्याने सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांनी झाला. पुढे केरळातील थलासरीच्या केंद्रात सागर लागू यांच्याकडे तिचे खरे शिक्षण सुरू झाले.

तिचा प्रकार सेबर. यात कमरेवरचे सारे अंग, म्हणजे डोके आणि हातही, लक्ष्य असते आणि टोकाप्रमाणेच पात्यानेही वार करता येतो. दोघींचे वार एकाच वेळी लागले, तर आक्रमणाचा हक्क जिच्याकडे होता तिला गुण मिळतो. हा निर्णय पंचांचा असल्याने नवख्या प्रेक्षकाला गुण कोणाला आणि का मिळाला, हे अनेकदा कळतच नाही! चौदा वर्षांची असताना तुर्कस्तानातील पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती तीन मिनिटे उशिरा पोहोचली. काळे कार्ड दाखवून तिला बाद करण्यात आले.

रिओचे तिकीट हुकले. इटलीतील लिव्होर्नो येथे निकोला झानोत्ती यांच्याकडे तिने सराव चालू ठेवला. २०१७ मध्ये रेक्याविकच्या सॅटेलाइट स्पर्धेत सुवर्ण मिळाले, २०१८ मध्ये कॅनबेरा येथे राष्ट्रकुल अजिंक्यपद.

टोकियोत २६ जुलै २०२१ रोजी तिने ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीला १५-३ असे हरवले. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मानोन ब्रुनेने तिला १५-७ असे नमवले. भवानीदेवीने समाजमाध्यमांवर देशवासीयांची क्षमा मागितली. त्याची गरज नव्हती. ब्रुनेने त्याच स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.

तिची सर्वांत मोठी लढत त्यानंतरची आहे. जून २०२३ मध्ये चीनच्या वूशी येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या विद्यमान विश्वविजेत्या मिसाकी एमुराला १५-१० असे पराभूत केले. उपांत्य फेरीत उझबेकिस्तानच्या झैनाब दाइबेकोव्हाकडून ती १४-१५ अशी, केवळ एका गुणाने हरली. तरीही ते कांस्य या स्पर्धेतील भारताचे पहिले पदक ठरले. पॅरिस ऑलिम्पिकसाठी मात्र ती पात्र ठरू शकली नाही, आणि अन्य कोणी भारतीय तलवारबाजही तेथे पोहोचला नाही.