तळ्यातले गढूळ पाणी आणि तुरटीचा हिशेब

मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की पांढुर्णा-सौसर भागातली शेततळी भरू लागतात. पाणी मात्र पुढे कित्येक दिवस गढूळच राहते. संत्राबागेला ठिबक सुरू केले की फिल्टर तुंबतात आणि कुणीतरी सुचवतो, ‘तुरटी टाका.’ सल्ल्यामागे शास्त्र आहे, पण मात्रा अंदाजाने ठरवता येत नाही.

बेसॉल्ट झिजून तयार झालेल्या इथल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट ही अतिसूक्ष्म चिकणमाती भरपूर असते. एक मायक्रॉनचा मातीचा कण शांत पाण्यात मीटरभर खाली जायला सुमारे 13 दिवस घेतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या कणाला साडेतीन वर्षे लागतील. त्यात या कणांवर ऋणभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमच्या आयनांवर तीन धनभार असतात. ते कणांचा ऋणभार उतरवतात. शिवाय ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके तयार होऊन कणांना सोबत घेत तळाशी बसतात. जिप्समही हेच काम करते, पण कॅल्शियमवर दोनच धनभार असल्याने ते तुरटीच्या दहापट तरी लागते.

तुरटीने पाणी आम्लधर्मी होते. पाण्यात क्षारता पुरेशी असेल तर ती हे आम्ल झेलते. विहिरीच्या पाण्यात ती सहसा असते. तळ्यात साठलेल्या पावसाच्या पाण्यात कमी पडू शकते. सामू फार घसरला तर विरघळलेले ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना इजा करते. मत्स्यबीज सोडलेल्या तळ्यात म्हणूनच जिप्सम अधिक सुरक्षित.

मात्रा बादलीत ठरवावी. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम तुरटी विरघळवा. तळ्याच्या पाण्याने 10 लिटरच्या पाच बादल्या भरा. एक तशीच ठेवून बाकीच्यांत सिरिंजने 10, 20, 30 आणि 40 मिलिलिटर द्रावण घाला, नीट ढवळा आणि तासाभराने पाहा. सर्वांत कमी द्रावणात निवळलेली बादली हेच उत्तर. ते 20 मिलिलिटर निघाले, तर हजार घनमीटर पाण्याला 20 किलो तुरटी लागेल. ती आधी विरघळवून, वारा नसताना तळ्यावर सगळीकडे फवारावी.

एवढे करूनही गाळ तळ्यातच राहतो आणि साठवण घटते. पुढच्या पावसात वरच्या शेतातून पुन्हा माती येते. म्हणून धुऱ्यावर गवत राखावे, पाणी आत येते तिथे गाळखड्डा खणावा, जनावरांना काठ तुडवू देऊ नये. हे आधी केले, तरच तुरटीवरचा खर्च सार्थकी लागतो.