कासवाच्या अंड्यांची वाळू

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाने चोपते आणि समुद्रात निघून जाते. त्या अंड्यांकडे ती पुन्हा फिरकत नाही. पुढचे पन्नासेक दिवस आईचं सगळं काम वाळू करते. म्हणून वेळासच्या हॅचरीत माझं लक्ष पिल्लांइतकंच वाळूकडे लागून राहिलं.

मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ साली हे काम सुरू केलं. तोवर अंडी माणसं नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरत. आता पहाटे पुळणीवर मादीचा माग दिसला की कासवमित्र घरटं शोधतात आणि अंडी हॅचरीच्या कुंपणाच्या आत हलवतात.

कुंपण कुठे घालायचं, हा खरा कसोटीचा निर्णय. उधाणाच्या भरतीचं पाणी पोचेल तिथे नको. बुडालेल्या वाळूत अंड्यांना हवा मिळत नाही. फार वर, सुरूच्या बनालगतही नको. मुळं घरट्यात शिरतात. खाडीच्या तोंडाजवळचा चिखलमिश्रित भाग दिसायला मऊ असला तरी तो घट्ट बसतो. वरची कोरडी वाळू बाजूला सारून आतली मुठीत दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर गोळा टिकायला हवा, पण बोटांतून पाणी निथळता कामा नये.

या ओलाव्याला एवढं महत्त्व का? घरातल्या पालीचं अंडं कडक कवचाचं असतं, कपाटामागच्या कोरड्या फटीतही ते तगतं. कासवाच्या अंड्याचं कवच मऊ, चामड्यासारखं. ते भोवतालच्या वाळूतून पाणी ओढून घेतं. वाळू सुकली की अंडं आत दबतं.

खड्डा हातानेच करतात. तोंड अरुंद, तळ रुंद, मडक्यासारखा. खोली मूळ घरट्याइतकीच ठेवायची, कारण खोलीबरोबर तापमान बदलतं. कोरडी वाळू कडेवरून घसरून आत पडू नये म्हणून आधी ती लांबवर ओढलेली असते. अंडी मूळ घरट्यातल्या ओल्या वाळूसकट आणतात आणि होता होईल तो काही तासांतच हलवतात. पुढे गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडं उलटलं तर तो मरतो. एकेक अंडं न फिरवता खाली ठेवणारे ते हात पाहताना मला बोलावंसंही वाटलं नाही. वर आधी ओली वाळू, मग कोरडी. पायाने तुडवायची नाही: पिल्लांना यातूनच वर यायचं असतं आणि तोवर श्वासही यातूनच घ्यायचा असतो. शेवटी घरट्यावर तारखेची पाटी लागते. पिल्लं यायच्या सुमारास बांबूची टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात.

पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच ठरवते. साधारण तीस अंशांच्या खाली नर जास्त, वर माद्या जास्त. चौतीस-पस्तिसाच्या पुढे जीवावर बेततं. मार्च-एप्रिलच्या उन्हात वर जाळी बांधून सावली करता येते. पण सगळ्याच घरट्यांवर सारखी सावली धरणं मला पटत नाही. किनाऱ्यावर मादीने निवडलेल्या जागा तरी कुठे सारख्या असतात?

पिल्लं समुद्रात गेली की घरटं उकरून टरफलं आणि न फुटलेली अंडी मोजतात. ही साफसफाई पाहुणे फारशी बघत नाहीत, पण पुढच्या हंगामाची तयारी इथूनच सुरू होते. कुजक्या अंड्यांची बुरशी आणि जिवाणू वाळूत राहतात. तीच वाळू पुन्हा वापरली तर नवी अंडी नासू शकतात. ते टाळण्यासाठी हॅचरीची जागा दर वर्षी थोडी सरकवावी, नाहीतर आतली वाळू काढून ताजी भरावी. पक्क्या बांधकामाची देखणी हॅचरी पर्यटकांना आवडेल. मला मात्र दर हंगामात उचलून नेता येणारं बांबूचं आणि जाळीचं कुंपणच योग्य वाटतं.