सेवादात्यांची यादी आणि तिचा ध्वन्यर्थ

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचे सॉफ्टवेअर, असा समज आपल्याकडे अद्याप रूढ आहे. वस्तुतः परवान्याने मिळणारे स्वातंत्र्य हे आज्ञावलीचा मूळ पाठ वाचण्याचे, त्यात बदल करण्याचे व त्याचे वितरण करण्याचे होय. ती आज्ञावली बसविणे, जुन्या नोंदी तीत उतरविणे, कर्मचाऱ्यांस ती शिकविणे या श्रमांचे मोल घेण्यास परवान्याची आडकाठी नसते. असे काम मोल घेऊन करणाऱ्यांची यादी अनेक मोठे प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर देतात. ही यादी केवळ माहिती आहे की शिफारस, हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा दिसला तरी मुळात अर्थविचाराचा आहे.

ही प्रथा संकेतस्थळांहून जुनी आहे. ग्नू प्रकल्पाच्या ईमॅक्स या संपादकाबरोबर पूर्वी ‘सर्व्हिस’ नावाची एक फाइल वाटली जात असे. आपले नाव नोंदवावे अशी ज्यांनी विनंती केली, त्यांचीच नावे तीत असत. यादी करणाऱ्याने निवड केलेली नाही, हा तिचा वाच्यार्थ होय. परंतु आपल्या साहित्यशास्त्राने अभिधेपलीकडे व्यंजनाही मानली आहे. लग्नपत्रिकेतील नावांच्या क्रमावरून आपल्याकडे मानपान घडते. तेथे क्रम हेच विधान असते. प्रकल्पाच्या अधिकृत पृष्ठावर पहिले आलेले नाव वाचकास ‘हा विश्वासू’ असे सुचविते, आणि ‘आम्ही कोणाची शिफारस करीत नाही’ असा खुलासा वर छापल्याने ती सूचना नाहीशी होत नाही.

या अडचणीतून प्रकल्पांनी निरनिराळे मार्ग काढले आहेत. 1993 मध्ये सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने सल्लागारांची नावे देशवार दिली. नोंद टिकण्यासाठी चालू ईमेल पत्ता असावा व पत्रास चार आठवड्यांत उत्तर द्यावे, एवढीच माफक अपेक्षा ठेवली. येथे गुणवत्तेविषयी मौन आहे. मात्र त्यामुळे निवडीचा सारा भार ग्राहकावर पडतो. ड्रुपलने 2015 पासून संस्थांच्या योगदानाची श्रेयनोंद ठेवून पुढे तिच्या आधारे क्रम लावला. ही पद्धती न्याय्य खरी, परंतु क्रमाला बाजारमूल्य येताच क्षुल्लक दुरुस्त्या करून श्रेय मिळविण्याची प्रवृत्तीही वाढली, आणि श्रेयाचे मोजमाप सुधारावे लागले. मूडलने तिसरा मार्ग धरला. अधिकृत भागीदार आपल्या उत्पन्नाचा काही अंश प्रकल्पाच्या कंपनीस देतात आणि त्या बदल्यात नाममुद्रेचा वापर करतात. येथे यादी उघडपणे मान्यतापत्र ठरते.

आपल्या ग्रंथालयांच्या दृष्टीने कोहाचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे, कारण भारतातील अनेक विद्यापीठीय व महाविद्यालयीन ग्रंथालयांत ही प्रणाली वापरात आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी काटिपो कम्युनिकेशन्सने ती 1999 मध्ये रचली व जानेवारी 2000 मध्ये ती कार्यान्वित झाली. ‘कोहा’ हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ भेट असा सांगतात. पण त्यात परतभेटीची अपेक्षा अनुस्यूत आहे. आपल्या ‘आहेर’ या शब्दाची छटा त्याच्या जवळची म्हणता येईल. 2007 मध्ये लिबलाइम या अमेरिकी कंपनीने काटिपोचा कोहाविषयक व्यवसाय विकत घेतला. पुढे मूळ संकेतस्थळ कंपनीच्या व समाजाच्या वादात सापडले, आणि समाजास वेगळे संकेतस्थळ उभारावे लागले. न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ या नावाच्या व्यापारचिन्हासाठी अर्ज झाला. ट्रस्टने त्यास हरकत घेतली व 2013 मध्ये निर्णय ट्रस्टच्या बाजूने लागला. आज समाजाच्या संकेतस्थळावर सशुल्क साहाय्य देणाऱ्यांची देशवार यादी आहे.

या प्रकरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. यादीचा विश्वासार्ह अर्थ तीतील नावांतून निघत नाही; ती कोणाच्या हाती आहे यावरून तो ठरतो. यादीतीलच एखादा सेवादाता तिचा धनी झाला, तर नावे तीच राहूनही अर्थ पालटतो.

म्हणून अशी यादी वाचताना तीन प्रश्न विचारणे इष्ट होय: यादी राखणारा कोण, क्रमाचा निकष कोणता, आणि नाव वगळण्याचा नियम काय. यांची उत्तरे पृष्ठावरच नमूद असतील, तर व्यंजना वाच्यार्थाच्या कक्षेत येते आणि वाचकाची फसगत टळते. हजारो ग्रंथांच्या नोंदी एखाद्या अपरिचित सेवादात्याच्या हवाली करणाऱ्या ग्रंथपालाचे हित त्या उत्तरांवर अवलंबून असते. यादी पूर्णतः मूक करणे कोणत्याही प्रकल्पास साधणार नाही. ती काय बोलते हे प्रामाणिकपणे सांगणे मात्र प्रत्येकास साधण्यासारखे आहे.